इंग्रजी शब्द घोकून नको, उकलून शिकवा

मे संपत आला की खानापूर, निपाणी आणि बेळगाव तालुक्यातल्या गावांत घरोघरी एकच खल चालतो: पोराला मराठी शाळेत ठेवायचे की इंग्रजी माध्यमाला घालायचे? मराठी शाळेवर कोणाचा राग नसतो. आईवडील बहुतेक वेळा त्याच शाळेत शिकलेले असतात, मराठीसाठीच्या मोर्चांत चाललेलेही असतात. तरी शेवटी इंग्रजी शाळेची बस दारात येते, कारण मनात एक भीती घट्ट बसलेली असते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, विज्ञान शाखेत गेले की भौतिक, रसायन, जीवशास्त्र सगळे एकदम इंग्रजीत सुरू होते. पानापानावर अनोळखी शब्द. मराठीत उत्तम गुण मिळवलेली मुले पहिल्याच चाचणीत खचतात, काही शाखा बदलतात. ही भीती खोटी नाही, आणि व्यासपीठावरून मातृभाषेचा महिमा सांगून ती जाणारही नाही.

पण या भीतीतून पालक जो निष्कर्ष काढतात तो मला साफ चुकीचा वाटतो. मूल मराठीमुळे अडखळत नाही. इंग्रजी शब्द त्याला ज्या रीतीने शिकवले जातात त्या रीतीमुळे ते अडखळते. ती रीत बदलली, तर सीमाभागातल्या मराठी मुलाजवळ इंग्रजी शब्द उलगडायची जी साधने आहेत ती फार थोड्या मुलांजवळ असतात.

आजची रीत सर्वांच्या ओळखीची आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, रोज दहा शब्द पाठ. 'सपोर्ट' म्हणजे आधार देणे. 'सफर' म्हणजे सोसणे. 'सप्रेस' म्हणजे दडपणे. 'सस्पेंड' म्हणजे निलंबित करणे. चार शब्द, चार अर्थ, चार स्पेलिंगे, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल अशी शंकाही मुलाच्या मनात येऊ दिली जात नाही. हे चारही एकाच घरातले आहेत. चौघांच्याही तोंडाशी 'सब' हा लॅटिनमधून आलेला उपसर्ग आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'खाली'. 'पोर्ट' म्हणजे वाहणे. खालून भार वाहायचा तो 'सपोर्ट'. 'फर' म्हणजे धारण करणे. ओझ्याखाली राहून झेलायचे ते 'सफर'. 'प्रेस' म्हणजे दाबणे, म्हणून खाली दाबणे ते 'सप्रेस'. 'पेंड' म्हणजे टांगणे, आणि निलंबित माणसाची अवस्था काय असते हे नोकरदाराच्या घरातल्या मुलाला वेगळे सांगायला नको. 'निलंबित' या मराठी शब्दातही 'लंब' म्हणजे लोंबणे बसलेलेच आहे. 'स्क्राइब' म्हणजे लिहिणे. मजकुराच्या खाली आपले नाव लिहून संमती द्यायची, हा 'सबस्क्राइब'चा जुना अर्थ. वर्गणी भरणे, वर्गणीदार होणे हा अर्थ त्यातूनच पुढे आला.

सीमाभागातल्या माणसाने याच घरातला एक शब्द इतक्यांदा ऐकला आहे की तो आता त्याच्या रोजच्या बोलण्यातला झाला: सब ज्युडिस. महाराष्ट्राने २००४ साली सीमाप्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तेव्हापासून, काहीही विचारा, प्रकरण सब ज्युडिस आहे हे उत्तर ठरलेले. शब्दशः अर्थ न्यायाधीशाच्या खाली, म्हणजे त्याच्या अधीन, त्याच्यापुढे असलेले. मराठीत आपण न्यायप्रविष्ट म्हणतो. याच लढ्याने घरोघरी पोचवलेला दुसरा शब्द समन्स. त्याच्याही तोंडाशी हाच 'सब' आहे, फक्त तो आता ओळखू येत नाही.

ओळखू का येत नाही, हेच मुलांना सांगण्यासारखे आहे. कारण इथे मराठी शाळेत शिकलेले ज्ञान थेट कामाला येते. मराठी व्याकरणात आपण संधी शिकवतो. उत् आणि चार मिळून उच्चार. उत् आणि लेख मिळून उल्लेख. सत् आणि जन मिळून सज्जन. शेजारचे अक्षर आले की आधीचे त्याच्यासारखे होते, कारण जिभेला तसे सोपे जाते. लॅटिन बोलणाऱ्यांची जीभही याच नियमाने चालत होती. 'सब'पुढे पी आला की बी जाऊन तिथे पी बसला, म्हणून 'सपोर्ट' आणि 'सप्रेस' यांत दोन पी. पुढे एफ आला म्हणून 'सफर'मध्ये दोन एफ. 'सक्सीड'मध्ये दोन सी, 'सजेस्ट'मध्ये दोन जी, समन्समध्ये दोन एम. नकार दाखवणाऱ्या 'इन'चेही असेच: 'इम्पॉसिबल'मध्ये तो 'इम' होतो, 'इल्लीगल'मध्ये 'इल', 'इर्रेग्युलर'मध्ये 'इर'. दुहेरी अक्षरांच्या स्पेलिंगांत मुलांचे गुण जातात, आणि त्यांना सांगितले जाते की इंग्रजीला नियमच नाही, पाठ करा. नियम आहे. नववीच्या वर्गात मराठीच्या तासाला तो शिकवला जातो, पुढच्या तासाला इंग्रजीचे शिक्षक येतात आणि तोच नियम नाही असे सांगतात. एकाच शाळेत, एकाच फळ्यावर हे घडते याचे मला फार वाईट वाटते.

आता 'सब'चा आपल्या भाषेतला सोयरा पाहा. सब-इन्स्पेक्टर म्हणजे उपनिरीक्षक, सब-डिव्हिजन म्हणजे उपविभाग. बेळगावात सरकारी कचेरीवर कन्नड पाटी असते त्यावरही 'उपविभागाधिकारी' असेच लिहिलेले असते. लिपी वेगळी, उपसर्ग तोच. हे नुसते भाषांतराचे जुळणे नाही. संस्कृतचा 'उप', ग्रीकचा 'हायपो' आणि लॅटिनचा 'सब' हे तिन्ही एकाच जुन्या मुळातून फुटलेले आहेत. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते जाहीरपणे मांडले आणि पुढे त्यातून भाषाशास्त्राची एक मोठी शाखा उभी राहिली. तसाच संस्कृतचा 'उपरि', ग्रीकचा 'हायपर', लॅटिनचा 'सुपर' हा दुसरा गट. आपला रोजचा 'वर' त्याच 'उपरि'चा वंशज.

हायपो आणि हायपर यांच्यावर जरा थांबतो, कारण इथे प्रश्न गुणांचा राहत नाही. बेळगावच्या दवाखान्यांत आसपासच्या खेड्यांतून, चंदगडकडूनही माणसे येतात. हातात दिला जाणारा रिपोर्ट इंग्रजीत असतो. हायपोथायरॉइड म्हणजे थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक कमी पडते, हायपरथायरॉइड म्हणजे ते जास्त होते. उपचार एकमेकांच्या उलट. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर फार खाली गेली, मधुमेह्याला तिथल्या तिथे गोड द्यायला हवे. हायपरग्लायसेमिया म्हणजे साखर वर चढली. कानाला दोन्ही जवळजवळ सारखे. घरातल्या शाळकरी मुलीला 'हायपो' म्हणजे उप, खाली, आणि 'हायपर' म्हणजे उपरि, वर, एवढे पक्के ठाऊक असेल तर ती आजीच्या कागदावरचा शब्द बरोबर वाचेल आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारील. हे ज्ञान तिला इंग्रजी माध्यमाची शाळा आपोआप देत नाही. तिथेही रेघ मारलेली वहीच असते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो सगळ्यांत सबळ आहे. उपसर्गावरून अर्थ लावायला शिकवले तर मुले फसतील. खरे आहे, फसू शकतात. पुणे–बेंगळुरू महामार्गावरून निपाणी, संकेश्वर, बेळगाव असे रोज किती टँकर जातात. त्यांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. 'इन' म्हणजे नाही, एवढेच शिकलेला मुलगा त्याचा अर्थ न पेटणारे असा करील, आणि वस्तू तर क्षणात पेट घेणारी. हा घोळ खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचाही होत आला, म्हणूनच अपघात टाळण्यासाठी 'फ्लेमेबल' हा शब्द मुद्दाम पुढे आणला गेला. गोष्ट अशी की लॅटिनमधून दोन वेगळे 'इन' इंग्रजीत आले. एक नकाराचा, जो आपल्या 'अ' आणि 'अन्'चा भाऊ आहे: 'इनव्हिजिबल' म्हणजे अदृश्य, 'इन्कम्प्लीट' म्हणजे अपूर्ण. दुसरा आत शिरण्याचा: 'इंजेक्ट', 'इन्क्लूड', 'इन्स्टॉल'. 'इन्फ्लेमेबल'मधला हा दुसरा, ज्वाळेत जाणारे.

मग 'इनव्हॅल्युएबल'चे काय? मूल म्हणेल, कवडीमोलाचे. इथे त्याला थांबवून विचारावे, अमूल्य म्हणजे काय? मूल्य नसलेले? नाही, ज्याचे मूल्य करता येत नाही ते. 'इनव्हॅल्युएबल' अगदी तसेच घडले आहे. ज्या मुलाला अमूल्य कळतो, त्याला तो शब्द एका वाक्यात कळतो आणि जन्मात विसरत नाही. फसण्याचा धोका म्हणून उपसर्ग शिकवूच नयेत, हे मला पटत नाही. आपल्याकडेही 'वि' हा उपसर्ग विफलमध्ये अभाव दाखवतो, वियोगमध्ये ताटातूट, विख्यातमध्ये विशेषपणा. कोणी म्हणत नाही की म्हणून 'वि' शिकवू नका. हृ या एकाच धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार कसे होतात, हे आपले जुने व्याकरणकार किती आवडीने दाखवत आले आहेत. मारणे, खाणे, नाश करणे, फिरणे आणि टाळणे, पाचांचा अर्थ पाच दिशांना. उपसर्ग अर्थाला ओढून भलतीकडे नेतो, ही जाण आपल्या परंपरेत मुरलेली आहे. त्यामुळे मुलाला नियम आणि अपवाद दोन्ही एकत्र सांगता येतात: आधी उपसर्गावरून अंदाज बांध, मग वाक्यात घालून पाहा, मग कोश उघड. कोश शेवटी उघडायचा, पण उघडायचाच.

शिवाय प्रत्येक शब्दाची सुरुवात म्हणजे उपसर्ग असेही नाही. 'अंकल'मध्ये 'अन' नाही आणि 'रेडी'मध्ये 'री' नाही. आपल्याकडे बेशिस्तमध्ये 'बे' आहे, बेसनात नाही. अनपेक्षितमध्ये 'अन्' आहे, अननसात नाही. मुलांना असे फसवे शब्द शोधायला दिले तर ती आनंदाने शोधतात, कारण वर्गात एरवी त्यांना काही शोधायला मिळतच नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तो जातीचा आणि वर्गाचा आहे. संस्कृत उपसर्गांच्या आधाराने इंग्रजी शिकवणार म्हणजे ज्यांच्या घरात पुस्तकी मराठी बोलली जाते त्यांचाच फायदा. निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या बाईच्या मुलीने 'उपरि' आणि 'सम्' कुठे ऐकावेत? खानापूरच्या जंगलपट्टीतल्या मुलाने 'परा' कुठून आणावा? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर त्या मुलांच्या बोलीतच आहे. ज्याला उपसर्ग हा शब्द ठाऊक नाही, तोही दिवसभर उपसर्ग वापरतो. अवकाळी पाऊस, आडवाट, आडरान, बिनकामाचा, बेभरवशाचा, गैरसमज, नापसंत. नापासमध्ये तर फारसी 'ना' इंग्रजी 'पास'ला जाऊन चिकटला आहे, आणि ही जोडणी कोणा पंडिताने केलेली नाही, बोलणाऱ्यांनी केली. सुरुवात इथून करावी. बेजबाबदार आणि 'इर्रिस्पॉन्सिबल' शेजारी शेजारी लिहावेत. संस्कृतकडे नंतर, सातवी-आठवीत जावे.

आणि इथे सीमाभागाची खरी श्रीमंती दिसते. आपल्या मुलांना कन्नड येते. कोणाला मनापासून, कोणाला नाइलाजाने, पण येते. दहावीचा निकाल लागला की पेपर पुन्हा तपासून घ्यायची धावपळ सुरू होते. इंग्रजीत 'रिव्हॅल्युएशन', मराठीत फेरतपासणी, कन्नडमध्ये मरुमौल्यमापन. 'री', फेर आणि मरु. तीन भाषांतले तीन वेगवेगळे तुकडे, एकच काम करणारे, आणि तिन्ही मुलाच्या तोंडात आधीच बसलेले. फेरविचार, फेरनिवड, फेरपरीक्षा म्हणणाऱ्या मुलाला 'रिकन्सिडर', 'रिइलेक्ट' आणि 'रिएग्झाम' वेगळे पाठ करायला लावणे म्हणजे त्याच्याजवळ असलेले काढून घेण्यासारखे आहे. गैरहजेरीला कन्नडमध्ये 'गैरुहाजरी' म्हणतात, बेजबाबदारपणाला 'बेजवाब्दारी'. फारसीतून आलेले हे तुकडे दोन्ही भाषांनी आपलेसे केले. पुण्या-मुंबईच्या मुलाला ही तिहेरी तुलना करता येत नाही. आपल्याला करता येते.

मराठीच्या लढ्यात उभ्या असलेल्या काही जणांना हे आवडणार नाही याची मला कल्पना आहे. इंग्रजीसाठी मराठीला राबवायचे, वर कन्नडची मदत घ्यायची, ही कसली मराठीची बाजू, असे विचारले जाईल. १९५६ पासून या भागाने जे सोसले आणि १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात इथल्या माणसांनी ज्या गोळ्या झेलल्या, त्याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. मराठीतून परिपत्रके मिळाली पाहिजेत, मराठी शाळांना मराठी शिक्षक मिळाले पाहिजेत, या मागण्या तसूभरही सोडू नयेत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याविषयी घटनेत ३५०अ हे कलम आहे, ते याच लढ्याचे बळ आहे. सक्तीला विरोध आणि भाषेचा उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सक्ती नाकारताना आपल्या मुलाच्या डोक्यात जमा झालेली भाषा नाकारण्यात नुकसान मुलाचेच आहे.

शिवाय कलमाने शाळा मिळते, विद्यार्थी मिळत नाहीत. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच प्रकरणात निकाल दिला की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकार लादू शकत नाही, ती निवड पालकांची. त्यानंतर सरकारी शाळांतही इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघाले. म्हणजे मराठी शाळा टिकायची असेल तर पालकाने ती स्वतःहून निवडली पाहिजे, आणि तो ती तेव्हाच निवडेल जेव्हा तिथून बाहेर पडलेले मूल पीयूसीच्या पुस्तकापुढे घाबरणार नाही.

बोलण्याच्या इंग्रजीला याचा काही उपयोग नाही, असेही म्हणतील. बरोबर, फारसा नाही. बोलणे ऐकून आणि बोलूनच येते, त्याची तयारी पहिलीपासून वेगळी व्हायला हवी. 'गो', 'ईट', 'वॉटर' हे शब्द फोडायचे नसतात, वापरायचे असतात. 'अंडरस्टँड' फोडून तर काहीच हाती लागत नाही. पण इंग्रजी शब्दसंग्रहाचा निम्म्याहून अधिक भाग लॅटिन आणि फ्रेंचमधून आला आहे, आणि विज्ञान, कायदा, वैद्यक यांची भाषा तर जवळजवळ सगळीच लॅटिन-ग्रीक तुकड्यांनी बांधलेली. पीयूसीचे पुस्तक याच भाषेत असते.

मराठी विज्ञानाचे पुस्तक या दृष्टीने एकदा चाळून पाहावे. प्रकाशाच्या धड्यात परावर्तन आहे: 'परा' म्हणजे मागे, वर्तन म्हणजे वळणे. 'रिफ्लेक्शन'मध्ये 'री' म्हणजे मागे आणि 'फ्लेक्ट' म्हणजे वळणे. जीवशास्त्रात अपृष्ठवंशीय आहे, तो 'इनव्हर्टिब्रेट'. बहुपेशीय म्हणजे 'मल्टिसेल्युलर', प्रतिजैविक म्हणजे 'अँटिबायोटिक'. प्रकाशसंश्लेषण आणि 'फोटोसिंथेसिस' तर तुकड्याला तुकडा लावून जुळतात: प्रकाशाला 'फोटो', 'सम्'ला 'सिन', श्लेषणाला 'थेसिस'. ज्यांनी ही मराठी परिभाषा घडवली त्यांनी इंग्रजी शब्दाची रचना समोर ठेवूनच ती घडवली. दहावीपर्यंत हे शब्द शिकलेला मुलगा पीयूसीत रिकाम्या हाताने जात नाही. पण हे त्याला कोणी सांगितलेले नसते, म्हणून तो जुने सगळे टाकून देतो आणि पहिल्यापासून घोकायला लागतो.

यासाठी नवे पाठ्यपुस्तक निघायची वाट पाहण्याचे कारण नाही. मराठीचे, इंग्रजीचे, कन्नडचे आणि विज्ञानाचे शिक्षक एकाच शिक्षकखोलीत बसतात. आठवीत मराठीचे शिक्षक ज्या आठवड्यात उपसर्ग घेतील, त्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला 'री', 'इन' आणि 'सब' घ्यावेत, कन्नडच्या तासाला 'मरु'. संधीचा धडा आला की इंग्रजीच्या तासाला दुहेरी अक्षरांची स्पेलिंगे काढावीत. विज्ञानाच्या शिक्षकांनी नववी-दहावीत प्रत्येक मराठी संज्ञेशेजारी फळ्यावर इंग्रजी संज्ञा लिहून दोन्हीखाली उपसर्गापाशी एकेक रेघ मारावी. याला दोन मिनिटे लागतात. आणि पीयूसीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुट्टीत शाळेत बोलावून विचारावे की पहिल्या सहामाहीत कोणते शब्द अडले. ते शब्द त्यांच्या जुन्या विज्ञान शिक्षकांनी लिहून घ्यावेत आणि जानेवारीत दहावीच्या वर्गात फोडून दाखवावेत.